शमीवरचं प्रेत

जत्रेत कधीच फुगे फोडले नाहीत असा माणूस आपल्याकडे शोधावाच लागेल. फळीवर ओळीने लावलेले रंगीत फुगे, समोर आडवा बांबू आणि हातात दिलेली जड, तेलकट वासाची बंदूक. तिची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा, हमखास वाकडी असते. त्यामुळे फुगा फुटला तर कौतुक आपलं आणि नाही फुटला तर दोष बंदुकीचा. पाच मिनिटांनी आपण भेळेच्या गाडीकडे वळतो. आत्ता आपण एक शस्त्र हाताळलं, हे कुणाच्या मनातही येत नाही.

मी या बंदुका जमवते. जत्रेतल्या नव्हे, पण त्यांच्याच कुळातल्या. पंधरा वर्षांत अकरा झाल्या. जर्मनीच्या डायना, इंग्लंडच्या बीएसए आणि वेबली, आणि इंडियन ह्यूम पाइप कंपनीने आपल्याकडे बनवलेली एक. (हो, वालचंद हिराचंदांची पाइप बनवणारी तीच कंपनी.) कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफल पहिल्यांदा खांद्याला लागली, तिथून हे वेड. पण पॉइंट टू-टूला परवाना लागतो आणि तो मी काढलेला नाही. माझ्या कपाटात आहेत त्या फक्त हवेच्या बंदुका, नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि ताकद २० ज्यूलच्या आत. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार एवढ्याला परवाना लागत नाही.

कपाट पाहिल्यावर लोक वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात. माझ्या एका पक्षीवेड्या मैत्रिणीने तो सरळ विचारला. "मारायलाच केलेली वस्तू तुला सुंदर कशी वाटते गं?"

जुन्या बंदुका जमवणाऱ्यांकडे याची दोन तयार उत्तरं असतात. एक, मला तिच्यातलं यंत्र आवडतं. दोन, मी कुठल्याही जिवावर ती चालवत नाही. दोन्ही खरी आहेत. दोन्ही पुरत नाहीत. का पुरत नाहीत, ते जरा नीट बघू.

दहा ज्यूल

आधी यंत्र. या बंदुकीत दारू नसते. नळी बिजागरीवर मोडून खाली ओढली की पोटातली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि अडकून बसते. मग नळीच्या मागच्या तोंडात शिशाचा छर्रा बसवायचा. तो कमरेत बारीक आणि मागे पसरट असतो, बॅडमिंटनच्या फुलासारखा. नळी सरळ केली, चाप ओढला की स्प्रिंग सुटते, तिच्यापुढचा दट्ट्या धावतो, त्याच्यापुढची हवा क्षणात दाबली जाते आणि छर्रा सुटतो. जुन्या बंदुकांत दट्ट्याच्या टोकाला चामड्याचा वॉशर असतो. तो वाळला की हवा निसटते आणि बंदूक मुकी होते. त्यावर तेलाचे चार थेंब सोडायचे, बंदूक रात्रभर उभी ठेवायची. कित्येक वर्षं गप्प पडलेली बंदूक सकाळी ठप्पकन बोलते. हा आनंद ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही.

आता पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आठवा. त्यांच्यावरची नक्षी सुपारी कातरायला लागत नाही. ती कारागिराने वरून दिलेली आहे. बघणाऱ्याला सुपारी विसरून नुसती नक्षी बघता येते. माझ्या बंदुकांवर विसरायला सोयीचं असं जवळपास काहीच नाही. दस्त्याला बाक आहे तो गाल बरोबर टेकावा म्हणून. पुढच्या बाजूला वजन आहे ते हात हलू नये म्हणून. चाप हलका आहे तो ओढताना नेम ढळू नये म्हणून. मला जी रेष सुंदर वाटते ती 'लागेल कसं?' या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणजे 'मला यंत्र आवडतं, हेतू नाही' असं म्हणताना मी एकाच गोष्टीचे दोन तुकडे करते, आणि ते तुकडे होत नाहीत.

डायना कंपनीचा शिक्काच बघा. शिकारीची रोमन देवता एका हाताने बंदूक उंच धरून उभी आहे आणि जुनं धनुष्य तिने फेकून दिलं आहे. पोलादात इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपण यंत्राबद्दल बोलत बसतो.

आणि ताकद? अशा जुन्या बंदुकीची आठ-दहा ज्यूल असते. आकड्यावरून काही कळत नाही, म्हणून असं समजा, एक किलो साखरेची पिशवी एक मीटर उंचीवरून पडली की साधारण दहा ज्यूल होतात. पायावर पडली तर आपण ओरडतो आणि विसरतो. तेवढाच जोर तुरीच्या डाळीएवढ्या ठिपक्यावर आणा, आणि समोर पंचवीस-तीस ग्रॅमची चिमणी ठेवा.

'लहान' म्हणजे किती लहान?

एअरगन आणि पॉइंट टू-टू यांना माणसं लहान म्हणतात. पोरांची बंदूक, छऱ्याची बंदूक. या लहानपणामुळेच ती घरात येते, कपाटामागे राहते, सुट्टीत मुलांच्या हाती लागते. पण तिचा जन्म काही खेळण्याच्या दुकानात झालेला नाही.

१७८०च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांडोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल घेतली होती. दस्त्याच्या जागी हवेची टाकी, ती भरायला पंपाचे दीडेक हजार हेलकावे, आणि पुन्हा न ठासता एकामागून एक वीसेक गोळ्या. १८०४ मध्ये लुईस आणि क्लार्क अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबरही एक हवेची रायफल होती. वाटेत भेटलेल्या मूळ रहिवाशांसमोर ते ती झाडून दाखवत. धूर नाही, मोठा बार नाही, तरी झाडात गोळी घुसलेली. ती बंदूक न मारताही काम करत होती. समोरच्याला नुसती कळली की पुरे.

दुसरी गोष्ट सायकलीची. तुमच्यापैकी कुणाच्या आईने कॉलेजात बीएसएची लेडीबर्ड चालवली असेल. त्या नावातलं 'एसए' म्हणजे स्मॉल आर्म्स. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही १८६१ मध्ये लष्करी बंदुका बनवायला निघालेली कंपनी. सायकली नंतर आल्या. लिंकन जेफ्रीज नावाच्या बर्मिंगहॅमच्याच बंदूकवाल्याची एअर रायफल तिने १९०५ पासून बनवायला घेतली. नेमकी त्याच सुमारास का, हे समजायला बोअर युद्धाकडे बघावं लागतं. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी अचूक नेमबाजीने ब्रिटिश फौजेला जेरीला आणलं. मग इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी 'मिनिएचर रायफल क्लब' निघाले, कामगारांना आणि कारकुनांना कमी खर्चात नेम शिकवायला. त्यांच्यामागे लॉर्ड रॉबर्ट्स उभे होते. जन्म कानपूरचा, १८५७चा उठाव मोडणाऱ्या फौजेत लढलेले आणि बोअर युद्धात सरसेनापती राहिलेले. क्लबांत चालायची ती पॉइंट टू-टू. एअर रायफलीही त्याच लाटेवर खपल्या. संध्याकाळचा खेळ, पण सराव पुढच्या युद्धाचा. ते युद्ध १९१४ मध्ये आलंच.

तेव्हा लहान बंदूक ही मोठ्या बंदुकीची बालवाडी होती. 'लहान आहे' हे तिच्या निर्दोषपणाचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

भाल्याचं काय?

आता दुसरं उत्तर. मी जिवावर चालवत नाही, कागदावर चालवते. हे उत्तर पहिल्यापेक्षा बळकट आहे, आणि त्याच्या बाजूने मला बरंच बोलता येईल.

७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत नीरज चोप्राचा भाला उडाला तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर जखमा आल्या? भाला हजारो वर्षं माणसं आणि जनावरं मारत होता, आज तो अंतर मोजतो. वस्तूचा हेतू बदलतो. दहा मीटर एअर रायफल १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. तिच्या कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, टाचणीच्या टोकाएवढा. तिथे उभं राहणाऱ्याला श्वास धरता यावा लागतो, दोन ठोक्यांमधली शांतता ओळखता यावी लागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक पदक आणलं, दोन्ही पॉइंट टू-टू रायफलीने, पन्नास मीटरवरून. त्या रायफलीकडे बघून हिंसा आठवत असेल तर दोष बघणाऱ्याचा, असं म्हणता येईल.

पण भाल्याला आणि माझ्या डायनाला एकच नियम लावता येत नाही. भाल्याने मारणं आपल्याकडे जवळपास थांबलं, म्हणून तो निव्वळ खेळ होऊ शकला. छऱ्याच्या बंदुकीने मारणं थांबलेलं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही गावोगावच्या आमराईत ठप्प असा आवाज येतो आणि होला खाली पडतो. वस्तू जुनी झाली म्हणून निर्दोष होत नाही. तिचं काम जगातून उठलं की मग होते.

कायद्याला हे कळलेलं आहे असं मला वाटतं. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात पुराण्या शस्त्रांना सूट आहे, पण एका अटीवर. ते शस्त्र बंदूक म्हणून वापरता येता कामा नये, दुरुस्त करूनसुद्धा. नुसतं वय, नुसतं सौंदर्य, नुसती मोडतोड पुरत नाही. ते पुन्हा उठणार नाही याची खात्री हवी. आणि माझा छंद नेमका उलटा आहे. मी मेलेल्या बंदुका उठवते.

बृहन्नडेचं उत्तर

इथे मला दसरा आठवतो. खंडेनवमीला आपण शस्त्रं पूजतो, दसऱ्याला शमी. त्यामागची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रं शमीच्या झाडावर लपवली. त्या गोष्टीतला एक तपशील मात्र आपण मुलांना सांगत नाही. शस्त्रांबरोबर त्यांनी झाडाला एक प्रेत बांधलं. दुर्गंधीने कुणी जवळ येऊ नये म्हणून. आसपासच्या गुराख्यांना सांगितलं, ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच अशी आहे.

वर्षभराने बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन राजपुत्र उत्तराला झाडावर चढायला सांगतो. उत्तर कचरतो. वर प्रेत आहे असं ऐकलंय, राजपुत्राने त्याला कसं शिवायचं? अर्जुन म्हणतो, भिऊ नकोस, ती धनुष्यं आहेत, वर प्रेत नाही.

मग उत्तर गाठोडं सोडतो, आणि पुढचा प्रसंग संग्राहकांनी वाचावा असा आहे. तो एकेक शस्त्र बघून हरखतो आणि विचारत सुटतो. सोन्याचे ठिपके असलेलं हे कुणाचं? सोन्याचे हत्ती असलेलं कुणाचं? ज्यावर इंद्रगोप, म्हणजे आपले मृगाचे किडे, कोरलेत ते कुणाचं? अर्जुन एकेकाचा मालक सांगतो, गांडीव कुणाकडून कुणाकडे आलं त्याची वर्षं सांगतो. लिलावाच्या यादीत असते तशी माहिती. मालक, घडण, नक्षी, वंशावळ. या शस्त्रांनी कोण मेलं, हे त्या वेळी उत्तर विचारत नाही.

'ती धनुष्यं आहेत, वर प्रेत नाही.' जुन्या बंदुका जमवणाऱ्या प्रत्येकाचं उत्तर हेच असतं. आम्ही शस्त्र झाडावरून उतरवतो, पुसतो, तेल लावतो, काचेत ठेवतो, आणि शेजारी बांधलेलं ते दुसरं गाठोडं मात्र तिथेच सोडून येतो. मैत्रिणीच्या प्रश्नाला 'ही वस्तू वाईट आहे, टाकून दे' हे उत्तर मला पटत नाही, आणि 'ही नुसती वस्तू आहे' हेही नाही. मला वाटतं, शस्त्र जपायचं असेल तर त्याच्याबरोबरचं प्रेतही उतरवून घरी आणावं लागतं.

वहीतला रकाना

म्हणजे प्रत्यक्षात काय? माझ्याकडे एक वही आहे. कंपनी, मॉडेल, ठोकलेला महिना-वर्ष, कुणाकडून घेतली, काय दुरुस्त केलं. सगळे संग्राहक ठेवतात तशी. तिच्यात मी एक रकाना वाढवला: हिने काय मारलं? बंदूक घेताना मी विकणाऱ्याला हे विचारते.

काही जण हसतात. एक गृहस्थ भडकले, "बाई, बंदूक घ्यायचीय की कबुलीजबाब?" पण बहुतेक जण थोडं थांबतात आणि मग बोलत राहतात. कुणीतरी कधीतरी विचारील याची वाट बघत असल्यासारखे.

इंग्रजी बीएसए एका बाईंकडून आली, नवरा गेल्यावर. रकान्यात त्यांचं वाक्य आहे: 'कधी चालवली नाही म्हणायचे, पण मागच्या भिंतीत छर्रे रुतलेत, ते काय आपोआप?' कोकणातल्या एका बागायतदारांची नोंद: 'माकडं हाकलायला. लागत नाही त्यांना, नुसती उड्या मारतात. एकदा एक पिल्लू होतं.' पुढे ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांच्या नोंदीपाशी मी नेहमी थबकते. ज्याचं वर्षाचं पीक माकडं नेतात त्याच्या हातातल्या बंदुकीला कारण तरी आहे. माझ्या कपाटातलीला तेवढंही नाही.

मिरजेचे एक निवृत्त बँक अधिकारी. त्यांची डायना २७, १९६४चा ठसा. 'चिमण्या चाळीसेक. दोन पोपट. एक खार, तिचं अजून वाईट वाटतं. शेजाऱ्यांचा दिवा.'

माझा तेरा वर्षांचा भाचा सुट्टीत आला की त्याला कागदावर नेम धरू देते, पण अट अशी की जी बंदूक घेशील तिची नोंद आधी वाचायची. डायनाची नोंद वाचून त्याने विचारलं, "मावशी, चाळीस कशा मोजल्या असतील?" मग त्याने स्वतःच बंदूक उलटी केली. दस्त्याच्या खालच्या कडेला ब्लेडने पाडलेल्या बारीक खाचा होत्या, पाच-पाचच्या गटात. त्याने मोजल्या. त्रेचाळीस.

जुन्या बंदुकीचा दस्ता नवा करणं अवघड नसतं. पॉलिशपेपरने घासायचा, जवसाचं तेल द्यायचं, अक्रोडाचं किंवा बीचचं लाकूड पुन्हा झळकतं, किंमतही वाढते. या दस्त्याला मी हात लावलेला नाही. त्या खाचा घासून काढणं म्हणजे शमीवरून फक्त धनुष्य उतरवणं. बघायला येणारे म्हणतात, लाकूड खराब झालंय. मी त्यांना मोजायला सांगते.

एका पुस्तकाचं नाव

यावर एक आक्षेप रास्त आहे. रकाना भरून एकही चिमणी परत येत नाही. हा नुसता मनाचा मेकअप नाही कशावरून?

मला इथे डॉ. सलीम अलींची मदत होते. त्यांची गोष्ट पाठ्यपुस्तकातही येते. १९०८ साली मुंबईत शाळकरी सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, रोजच्या चिमण्यांसारखी ती दिसत नव्हती. मुलाला प्रश्न पडला तो खाण्याचा, अशी वेगळी चिमणी आपल्या धर्मात खायला चालते का? तो मामांकडे गेला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी, पण त्यांनाही पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलर्डसाहेबांनी पक्षी ओळखला, पिवळ्या कंठाची चिमणी, आणि कपाटांचे खण उघडून भरून ठेवलेले पक्षी एकेक करून दाखवले.

ही गोष्ट 'बघा, एका चिमणीच्या मरणातून केवढा पक्षितज्ज्ञ मिळाला' अशी सांगतात. ती सांगायची ही पद्धत मला पटत नाही. त्याच काळात हजारो मुलांनी हजारो चिमण्या पाडल्या, त्यातून काही मिळालं नाही. फरक बंदुकीने पडला नाही. 'खाता येईल का?' हा प्रश्न चालता चालता 'हा कोण?' असा झाला, त्याने पडला. पुढे सलीम अलींनी शास्त्रासाठी आयुष्यभर पक्षी मारून नमुने जमवले आणि ते का लागतात हे उघडपणे सांगितलं. उगीच मारण्याला त्यांचा विरोध होता. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आत्मचरित्राचं नाव. १९८५ मध्ये, जवळपास नव्वदीला आल्यावर, पद्मविभूषण आणि जगभरचे मान पदरात असताना त्यांनी पुस्तकाला नाव दिलं 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. स्वतः पाडलेला पक्षी त्यांनी मुखपृष्ठावर टांगला. त्यानेही ती चिमणी परत आली नाही. पण त्यांच्या कामाबद्दल बोलताना तिला वगळणं कुणालाही शक्य राहिलं नाही.

लुमडुंग

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. वही कशाला? बंदुकाच देऊन टाक.

१७ मार्च २०२१ रोजी अरुणाचल प्रदेशात, पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावात, मंत्री मामा नातुंग यांच्या पुढाकाराने एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू झाली. पहिल्याच दिवशी ४६ बंदुका आल्या. वर्ष संपायच्या आत आकडा सोळाशेच्या पुढे गेला. शिकार जिथे पिढ्यान्‌पिढ्या जगण्याचा भाग होती, तिथल्या माणसांनी आपणहून त्या आणून दिल्या. त्या ढिगांचे फोटो पाहताना संग्राहकाची नजर आधी दस्ते आणि शिक्के शोधते. माणसं मात्र जंगल देत होती.

मी माझ्या का देत नाही? लुमडुंगच्या माणसाने दिलेली बंदूक उद्याच्या पक्ष्याला दिलेली असते. माझ्या कपाटातल्या बंदुकीसमोर पक्षी नाही. आणि त्रेचाळीस खाचा भंगारात वितळल्या तर त्या त्रेचाळीसांची या जगातली एकुलती एक नोंद जाईल. हे माझं उत्तर. ते पूर्ण आहे असा माझा दावा नाही, कारण कपाट कायम माझं राहणार नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने खरा प्रश्न बंदूक ठेवण्याचा नसून दुरुस्त करण्याचा आहे. मुकी बंदूक पुढच्या कुणाच्याही हातात मुकीच राहते. मी नवी स्प्रिंग घातली की पुढच्या हाताने काय केलं त्यात माझा वाटा येतो. मागे एकाने माझी वेबली मागितली, किंमतही चांगली देत होता. फ्लॅटच्या गॅलरीत पारवे फार घाण करतात म्हणाला. त्याला मी नाही म्हटलं. पण ज्याने कारण सांगितलं नाही त्याचं काय? तेव्हापासून माझा नियम आहे, चालती बंदूक विकायची नाही. अदलाबदल केली तर स्प्रिंग काढून, आणि वहीतल्या नोंदीची प्रत सोबत देऊन. घेणारे नाराज होतात, दोघांनी व्यवहार मोडलेही. स्प्रिंग बाजारात मिळते, हे मला माहीत आहे. निदान ती त्याला स्वतः उठून आणावी लागेल.

मामांची पॉइंट टू-टू

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या मामांकडे तीन परवान्याच्या बंदुका होत्या. आजोबांची ठासणीची, एक बारा बोअरची आणि एक बीएसएची पॉइंट टू-टू. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच ठेवता येतात असं ठरलं. एक जमा करायची होती. मामांनी पॉइंट टू-टू दिली. "लहान ती दिली," म्हणाले.

ती माझ्याकडे येणं शक्यच नव्हतं. जमा करायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले ती वही घेऊन. मामा ऐंशीचे आहेत, गोष्टी सांगायला त्यांना आवडतं. ससे सांगितले, लावे सांगितले, साठ सालच्या आसपासचे. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं, मी वाटून घ्यावं असंही त्यांना वाटत नव्हतं. मग मी रकान्यातला प्रश्न पुन्हा विचारला, अजून काही?

बराच वेळ ते पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले, "मोती." घरचा कुत्रा. पिसाळला होता, परड्यात शिरला होता, पोरं आत होती. वडिलांनी रायफल यांच्या हातात दिली, कारण घरात नेम यांचाच चांगला. एकच गोळी लागली.

"ते बरोबर होतं ना, मामा?"

"बरोबरच होतं," मामा म्हणाले. "ससे किती मारले ते आठवत नाही बघ. हा एक आठवतो."

वहीत मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. कंपनी, नंबर, सालही लिहिलं. 'सध्या कुठे' या रकान्यात लिहिलं, 'सरकारजमा'. बंदूक नसलेली माझ्या संग्रहातली ती एकमेव नोंद आहे. मागच्या सुट्टीत भाच्याने सगळ्यात आधी तीच वाचली, आणि त्या दिवशी त्याने कागदावर नेम धरायला एकही बंदूक मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मागितली.